स्विच दाबण्याआधी

लेथवर लाकडी वाडगे कातणाऱ्यांसाठी

आंब्याचा एक ओला ठोकळा घ्या. व्यास बारा इंच, जाडी चार इंच. वजन साडेसहा किलोच्या आसपास भरेल. हा ठोकळा लेथवर चढवून मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याचा काठ ताशी सुमारे ५७ किलोमीटर वेगाने धावतो. तो फिरत असताना त्यात जेवढी ऊर्जा साठलेली असते, तेवढी ऊर्जा हाच ठोकळा साडेसहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून, खाली पडताना त्याच्यात असते. फेऱ्या निम्म्या केल्या, ५०० वर आणल्या, तर ही ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाई होते. मग ती उंची पाच फुटांवर येते.

दुसरा हिशेब आपल्या शरीराचा. काहीतरी बिघडले हे डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत पाव सेकंद तरी जातो. १,००० फेऱ्यांच्या वेगात तेवढ्या वेळात ठोकळा चार वेळा फिरून झालेला असतो. म्हणजे सुटलेला ठोकळा आपण चुकवू शकत नाही. कितीही चपळ माणूस असो, तो चुकवू शकत नाही. म्हणून वाडगा कातण्यातली सुरक्षितता ही चपळाईची गोष्ट नाही. ती जवळजवळ सगळी स्विच दाबण्याआधी ठरलेली असते: कोणते लाकूड घेतले, कसे पकडले, किती वेग ठेवला आणि आपण कुठे उभे राहिलो, या चार गोष्टींत.

आपल्याकडे कातकाम जुने आहे. जुन्या कातारी कारागिराचा लेथ दोरीने मागे-पुढे फिरायचा. हत्यार लाकडात रुतले तर दोरीला झटका बसून लाकूड जागच्या जागी थांबायचे. मोटर तशी थांबत नाही, ती रेटत राहते. शिवाय लाटणे कातणे वेगळे आणि वाडगा कातणे वेगळे. लाटण्याचे लाकूड दोन्ही टोकांना धरलेले असते, बारीक असते आणि त्याचे तंतू लेथच्या लांबीला समांतर असतात. वाडगा रुंद असतो, आतून कोरायचा म्हणून एकाच बाजूने धरावा लागतो आणि त्याचे तंतू आडवे असतात. त्यामुळे प्रत्येक फेरीत हत्याराला दोनदा तंतूंची बाजू आणि दोनदा त्यांची टोके भेटतात. लाटणी कातून हात बसलेला माणूसही वाडग्यापुढे नवखाच असतो, हे आधी मान्य करावे.

ठोकळा निवडताना

ठोकळ्यात तीन गोष्टी शोधायच्या: चीर, सैल भाग आणि लोखंड.

चीर बहुधा खोडाच्या मधल्या ठिपक्यापासून बाहेरच्या दिशेने जाते. म्हणून वाडग्याचा ठोकळा कापताना हा मधला भाग काढूनच टाकावा. लाकडाच्या टोकावर ओले फडके फिरवा आणि वाळू द्या. पृष्ठभाग आधी वाळतो, चिरेतली ओल मागे राहते आणि काळी रेघ उठून दिसते. मग ठोकळा उचलून लाकडी हातोडीने हलकेच वाजवा. धड लाकूड खणखणीत वाजते, आतून फाटलेले भद्द वाजते. केसाएवढी चीर काठाकडे जात असेल तर तो भाग कापून लहान वाडगा करा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चीर बुजते, पण फिरणाऱ्या ठोकळ्याला धरून ठेवण्याची जबाबदारी त्या गोंदावर टाकू नका.

सैल भाग म्हणजे सुटू पाहणारी गाठ, किडीने पोखरलेली जागा, बुरशीने मऊ झालेले लाकूड आणि साल. बुरशीच्या काळ्या रेषांचे लाकूड दिसायला देखणे असते, पण नख दाबून पाहावे. नख रुतले तर ते लाकूड चकाच्या पकडीत चुरडेल. साल आधीच तासून काढावी. नैसर्गिक काठाचा, सालीसकट वाडगा हा नवशिक्याचा विषय नाही. त्याचा वरखाली काठ फिरताना डोळ्यांना दिसतच नाही, धूसर सावलीसारखा भासतो, आणि बोट तिथे जाते.

लोखंडाचा धोका आपल्याकडे विशेष आहे, कारण जुन्या वाड्यांचे आणि घरांचे सागवान आपण हौसेने आणतो. त्या तुळयांत डोके तुटलेले खिळे खोल गेलेले असतात. असे लाकूड लेथवर चढवण्याआधी जोरदार लोहचुंबक सगळीकडून फिरवा. लाकडावर निळसर-काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे किंवा होते असे समजा.

आणि ठोकळा चौकोनी चढवू नका. बँडसॉवर, ते नसेल तर करवतीने, कोपरे उडवून तो शक्य तितका गोल करून घ्या. कोपरे गेले की वजन घटते, थरथर घटते आणि हत्याराला बसणारे पहिले हादरेही घटतात.

पकड

ठोकळा पहिल्यांदा फेसप्लेटवर किंवा चकाच्या मधल्या जाड स्क्रूवर धरला जातो. फेसप्लेटसाठी कोणते स्क्रू वापरता याकडे नीट लक्ष द्या. सुतारांकडे सर्रास सापडणारे काळे बारीक स्क्रू जिप्सम बोर्डासाठी बनवलेले असतात. ते कडक असतात, पण ठिसूळ. बाजूने ताण आला की त्यांचे मुंडके तुटते, आणि ते तुटल्याचे बाहेरून कळतही नाही. जाड दांड्याचे, लाकडासाठीचे स्क्रू घ्या, फेसप्लेटची सगळी भोके भरा आणि ते धड लाकडात पुरेसे खोल जातील याची खात्री करा. सालीत किंवा टोकाच्या तंतूंत बसलेला स्क्रू ओढला की निघून येतो.

नंतर वाडग्याच्या बुडाशी गोल उंचवटा ठेवतात, त्याला टेनन म्हणतात. तो चार जबड्यांच्या चकात धरून आतला भाग कोरतात. सुटणारे बहुतेक वाडगे इथेच सुटतात, म्हणून टेननला घाई करू नका. त्याचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी नसावा. जबडे जवळजवळ मिटलेले असताना त्यांचा जो पूर्ण गोल होतो, त्या मापाचा टेनन सर्वांत घट्ट धरला जातो. जबडे फार उघडले तर चारच कोपरे टेकतात. टेननचे टोक चकाच्या तळाला टेकू देऊ नका. वाडग्याचा खांदा जबड्यांच्या तोंडावर सपाट बसला पाहिजे, कारण वाडगा डुलू न देण्याचे काम तो खांदा करतो. टेनन आणि खांदा यांच्या कोनात हत्याराची गोलाई राहिली असेल तर ती टोकदार हत्याराने साफ करा.

टेननऐवजी बुडात खळगा करून त्यात जबडे बाहेरच्या बाजूला फाकवता येतात. पण तिथे चावी जोराने आवळली की लाकूड फाकते. खळग्याभोवती भरपूर लाकूड शिल्लक असेल तरच ही पद्धत वापरा.

चावी दोन्ही भोकांतून आवळा. ओले लाकूड दाबले जाते आणि वाळताना आकसतेही. म्हणून दहा-पंधरा मिनिटे काम झाले की लेथ थांबवून पुन्हा आवळा. काम अर्धवट सोडून जेवायला गेला असाल तर परत आल्यावर पहिले काम तेच. वाडगा रात्रभर चकात ठेवला असेल तर सकाळी ती पकड कालची नाही असे धरून चाला.

आणि टेलस्टॉक. त्याचे टोक ठोकळ्याला टेकवून ठेवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. बाहेरची बाजू कातताना तो लावलेलाच असावा. आतला भाग कोरतानाही सुरुवातीला मध्ये लाकडाचा एक खुंट ठेवून त्यावर टेलस्टॉक टेकवता येतो. तो खुंट शेवटी काढायचा. टेलस्टॉक आड येतो, हाताला अडतो, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. तो आड येतो हे खरे, पण ठोकळा निसटू पाहतो तेव्हा त्याच्याही आड तोच येतो.

वेग किती

लाकूड कातणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो. ठोकळ्याचा इंचांतला व्यास आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवायचा. त्यातून असे आकडे येतात:

- ६ इंच: १,००० ते १,५०० फेऱ्या
- ८ इंच: ७५० ते १,१२५ फेऱ्या
- १० इंच: ६०० ते ९०० फेऱ्या
- १२ इंच: ५०० ते ७५० फेऱ्या
- १६ इंच: ३७५ ते ५६० फेऱ्या

हे आकडे गोल झालेल्या, तोल साधलेल्या, धड लाकडाचे आहेत. खडबडीत ठोकळ्याची सुरुवात यातल्या खालच्या आकड्याच्याही बऱ्याच खालून करायची. लेथचा सर्वांत कमी वेग लावा, ठोकळा फिरू द्या, मग वेग हळूहळू वाढवा. थरथर सुरू झाली की थोडे मागे या. कातून गोल झाला की पुन्हा वाढवा. लेथ जमिनीवर चालू लागण्याइतका थरथरत असेल तर पाय रोवून धरू नका, बंद करा. लेथला वाळूची पोती बांधून वजन वाढवता येते, पण तोल नसलेल्या ठोकळ्याचा वेग वाढवण्यासाठी नव्हे.

लेथ विकत घेताना त्याचा कमाल वेग विचारू नका, किमान विचारा. पट्ट्याच्या पुलीवर चालणाऱ्या कित्येक स्वस्त लेथचा सर्वांत कमी वेग सात-आठशे फेऱ्यांचा असतो. दांड्यावर बारा इंचांचा ठोकळा मावतो म्हणून तो त्या लेथवर कातता येतो असे नाही. अशा मशीनवर सहा-सात इंचांचे वाडगे करा. ते वाडगेही सुंदरच होतात.

आणि वेगाची मूठ आधी कुठे आहे ते पाहा. काल संध्याकाळी लहान वाटीला पॉलिश करताना १,५०० वर ठेवलेला वेग आज सकाळी मोठ्या ठोकळ्याखाली तसाच वाट पाहत असतो.

कुठे उभे राहायचे

फिरणारा ठोकळा किंवा त्याचा तुकडा सुटला तर तो बहुधा काठाच्या रेषेत, वर्तुळाच्या पातळीत बाहेर पडतो. त्या पातळीचा एक पट्टा कल्पनेने लेथभोवती काढा: तुमच्या छातीपासून, डोक्यावरून, पलीकडच्या भिंतीपर्यंत. लेथ सुरू करताना आणि वेग वाढवताना या पट्ट्यात कोणीही नको. तुम्हीही नको आणि पलीकडे उभा राहून पाहणारा पाहुणाही नको.

माझ्या शेडच्या भिंतीत एक खड्डा आहे. फणसाचा ठोकळा होता. सालीजवळची बारीक चीर मी पाहिली होती आणि एवढ्याने काही होत नाही असे मनाशी म्हणून तो चढवला होता. वेग वाढवत असताना त्याचा जवळजवळ अर्धा भाग निघून गेला. आवाज आणि भिंतीवरचा आघात मला एकदमच ऐकू आले, मध्ये काही दिसलेच नाही. मी हेडस्टॉकच्या बाजूला उभा होतो, कारण शिकवणाऱ्याने तशी सवय लावली होती. लाकूड निवडण्यातली माझी चूक त्या एका सवयीने भरून काढली. तो खड्डा मी बुजवलेला नाही. नवा माणूस शिकायला आला की आधी तो दाखवतो.

तुम्ही जमिनीवर पिवळ्या रंगाचे दोन पट्टे ओढा, म्हणजे ही पातळी कल्पनेत ठेवावी लागणार नाही. मग स्विच कुठे आहे ते पाहा. कित्येक लेथवर तो अशा जागी असतो की बंद करायला हात त्याच पट्ट्यातून न्यावा लागतो. टेलस्टॉकच्या बाजूला, गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल असे लाल बटण इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. गडबड झाली तर हत्यार मागे घ्यायचे, पट्ट्याबाहेर व्हायचे आणि मग बंद करायचे. फिरणाऱ्या लाकडावर हात ठेवून ते थांबवायचे नाही.

दर वेळी, अगदी दर वेळी, स्विचआधी एवढे करा:

- चकाची चावी काढून ठरलेल्या खुंटीवर टांगली आहे.
- ठोकळा हाताने पूर्ण एक फेरी फिरवला, तो टूल रेस्टला किंवा दांड्याला कुठेच लागत नाही.
- टूल रेस्ट, टेलस्टॉक, हेडस्टॉक यांच्या मुठी आवळल्या आहेत.
- वेग कमीत कमी आहे.
- लेथ उलट फिरणार असेल तर चकाचा लॉक-स्क्रू घट्ट आहे. तो नसेल तर चक आपोआप उलगडून निघतो.
- फेस शील्ड खाली ओढली आहे.
- मी पट्ट्याबाहेर आहे, आणि पलीकडे कोणी नाही.

हत्यार हातात घेतल्यावर

वाडग्यासाठी बाऊल गाऊज वापरायचा, म्हणजे जाड गोल सळईत खोल नाळ कोरून केलेले हत्यार. त्याच्यासारखाच दिसणारा, रुंद तोंडाचा स्पिंडल रफिंग गाऊज वाडग्यावर कधीही लावू नका. त्याचे पाते रुंद असले तरी मुठीत शिरणारी शेपटी अरुंद आणि पातळ असते. वाडग्याच्या आडव्या तंतूंचा झटका बसला की ती शेपटी तुटते आणि पाते उडते. दोन्ही हत्यारे एकाच संचात येतात, म्हणून हा घोटाळा होतो. रफिंग गाऊजच्या मुठीवर लाल पट्टी चिकटवून ठेवा.

हत्यार टेकवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी ते टूल रेस्टवर टेकवा. मग धारेमागचा उतार लाकडाला नुसता घासू द्या, कापू नका. मग मूठ किंचित वर उचलून धारेला लाकडात येऊ द्या. हा क्रम उलटा झाला, धार आधी लाकडाला लागली, तर ती खाली टूल रेस्टपर्यंत खेचली जाते आणि रुतते. वाडगा कातताना बसणाऱ्या झटक्यांमागे हे एक मोठे कारण आहे.

दिशाही ठरलेली आहे. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे, आतून कोरताना काठाकडून मध्याकडे. अशा दिशेने गेले की कापल्या जाणाऱ्या तंतूला खालच्या तंतूचा आधार असतो. उलट दिशेने गेले की तंतू उपटले जातात, हत्यार उसळते.

टूल रेस्ट लाकडाच्या जवळ हवी, साधारण पाच-सहा मिलिमीटरवर. लाकूड झिजते तसे अंतर वाढते आणि हत्यार अधांतरी बाहेर येत जाते. जितके बाहेर, तितका झटका मोठा. रेस्ट सरकवायची तर लेथ बंद करून. पुढच्या हाताची बोटे रेस्टच्या अलीकडेच राहू द्या, रेस्ट आणि लाकूड यांच्या फटीत एकही बोट जाता कामा नये. स्क्रेपर वापरताना मूठ किंचित वर आणि धार किंचित खाली ठेवा, म्हणजे तो रुतण्याऐवजी सटकेल.

भिंत पातळ करताना काठापासून सुरुवात करून थोडे-थोडे खाली जा आणि वरचा भाग पुरा झाला की तिकडे परतू नका. पातळ झालेला काठ फिरताना लवतो, त्याला पुन्हा स्क्रेपर लावला तर तो फुटतो. कातलेल्या काठाची धार बोटाने चाचपायची असेल तर लेथ थांबल्यावरच. फिरणारा पातळ काठ सुरीसारखा कापतो.

बोथट हत्यार जोर मागते, आणि जोर लावलेला हात सटकतो. हत्यार कापण्याऐवजी धूळ काढू लागले की धार लावायला जा. पण ग्राइंडरही यंत्रच आहे. त्याच्या ठिणग्या ढलप्यांच्या ढिगात पडणार नाहीत अशा जागी तो बसवा आणि त्याला चष्मा लावूनच सामोरे जा.

घासणे आणि तेल लावणे

पॉलिश पेपरने घासायची वेळ आली की काम संपत आले असे वाटते आणि लक्ष उडते. घासण्याआधी टूल रेस्ट काढून बाजूला ठेवा, नाहीतर बोटे वाडगा आणि रेस्ट यांच्यामध्ये चेपली जातील. पेपर बोटाभोवती गुंडाळू नका, घडी करून चिमटीत धरा. जिथे लाकूड तुमच्याकडून खाली जात असते, त्या खालच्या, तुमच्या बाजूच्या भागात घासा. मग पेपर अडकला तर हातातून ओढून नेला जाईल, हात आत ओढला जाणार नाही.

तेल किंवा मेण लावायला कापड वापरायचे नाही. कापडाचा धागा चकात अडकला तर कापड गुंडाळले जाते आणि त्यासोबत बोट जाते. टिश्यू पेपर फाटतो, म्हणून तोच योग्य.

जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेले हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतात. अशा तेलाने भिजलेला कागद किंवा फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ती उष्णता आतच साठत जाते आणि काही तासांनी ते आपोआप पेट घेऊ शकते, कोणी काडी न लावता. आजूबाजूला ढलप्या आणि भुसा असतोच. असे बोळे उलगडून उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. शेंगदाणा किंवा खोबरेल तेलाचा हा धोका जवसाएवढा नाही, पण सवय सगळ्यांसाठी एकच ठेवावी.

चेहरा, कपडे, श्वास

साधा चष्मा पुरेसा नाही. पूर्ण चेहरा झाकणारी, आघातासाठी तपासलेली पॉलिकार्बोनेटची फेस शील्ड घ्या. युरोपीय मानक ईएन १६६ मध्ये ‘बी’ दर्जाच्या काचेवर सहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला १२० मीटर वेगाने मारून पाहतात. अशी खूण शोधा. कोविडच्या काळात घरोघरी आलेली पातळ पारदर्शक शील्ड शिंतोड्यांसाठी होती, लाकडाच्या तुकड्यासाठी नाही. चांगली शील्डही ढलप्या आणि लहान तुकडे अडवते. सहा किलोचा ठोकळा ती अडवू शकत नाही. ते काम तुमच्या उभे राहण्याच्या जागेचे आहे. शील्डच्या आत सुरक्षा चष्माही घाला.

हातमोजे घालू नका. गुळगुळीत लाकडाला हात लागला तर खरचटते, मोजा लागला तर हात खेचला जातो. अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. लांब बाह्या मनगटाशी घट्ट करा. ओढणी, पदर, मफलर, जानव्याची सैल टोके, हुडीच्या दोऱ्या यांना लेथजवळ जागा नाही. केस बांधून टोपीखाली घ्या. पावसाळ्यात चप्पल घालून काम करण्याचा मोह होतो, पण हातातून निसटलेला गाऊज धारेवरच पडतो. बूट घाला.

धुळीचे नुकसान दिसत नाही, म्हणून तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. नाक आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांचा कर्करोग हा तिच्याशी जोडलेला मुख्य आजार. ओल्या ढलप्या कातताना धूळ कमी उडते, पण घासताना उडणारी बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगते. एन-९५ मास्क नाकाशी घट्ट बसेल असा लावा. दाढी असेल तर तो कडेने गळतो. पंखा तुमच्या मागून वाहून धूळ बाहेर नेईल असा ठेवा. घासणे थांबल्यावर लगेच मास्क उतरवू नका. शेड कंप्रेसरच्या हवेने झाडू नका, ती धूळ पुन्हा श्वासात येते.

लाकडांचे स्वभावही वेगळे. साग आणि शिसव यांच्या धुळीने अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठते, काहींना दमा होतो, आणि आज काही झाले नाही म्हणून उद्या होणार नाही असे नाही. बिब्बा उतणे म्हणजे काय हे आपल्या घरांत ठाऊक आहे, तेव्हा बिब्ब्याचे लाकूड लेथवर नकोच. आंबा आणि काजू त्याच कुळातले. ताज्या आंब्याचा चीक आणि साल काही जणांच्या अंगावर फोड आणतात. ओला आंबा कातल्यावर हात आणि चेहरा साबणाने धुवा.

वीज

आपल्याकडे वीज जाते आणि येते. लेथ चालू असताना वीज गेली, तुम्ही चकाला चावी लावून पकड तपासू लागलात आणि वीज आली, तर साधा स्विच चालूच असल्यामुळे लेथ फिरू लागेल आणि चावी उडेल. यावर उपाय स्वस्त आहे. डीओएल स्टार्टर किंवा वीज गेल्यावर आपोआप तुटणारा स्विच बसवा. त्याच्या आतली कॉइल वीज जाताच सुटते आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असेल तर वीज आल्यावर तो स्वतःहून सुरू होणार नाही अशी त्याची मांडणी करून घ्या.

अर्थिंग नीट हवे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, विशेषतः ओले लाकूड कातताना, कारण त्यातले पाणी फवाऱ्यासारखे उडून मोटरवर आणि स्विचवर जाते. चक बदलताना, पट्टा सरकवताना प्लग काढा.

अपघात झालाच तर

शेडमध्ये एकटे असाल तर घरात कोणाला तरी सांगून जा. फोन खिशात नको, पण हाताशी हवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि दाब सोडू नका. डोळ्यात काही घुसले असेल तर चोळू नका, काढू नका. डोळ्यावर दाब येणार नाही असे काहीतरी, अगदी कागदी पेलाही चालेल, झाकून दवाखाना गाठा. बोट तुटले तर तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तो भाग थेट बर्फावर ठेवू नका. डोक्याला मार लागून गुंगी, उलटी किंवा गोंधळ जाणवला, तर जखम दिसत नसली तरी थांबू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. हा क्रमांक स्विचशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण अशा वेळी माहीत असलेलेही आठवत नाही.

पहिला धडा

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पहिल्या दिवशी वाडगा कातू देत नाही. प्लग भिंतीतून काढलेला असतो. सहा इंचांचा, गोल केलेला आंब्याचा ठोकळा त्याने स्वतः तपासायचा, वाजवून पाहायचा, फेसप्लेटवर चढवायचा, टेलस्टॉक टेकवायचा. मग हाताने फिरवून सोडून द्यायचा आणि कोणती बाजू दर वेळी खाली येऊन थांबते ते खडूने खुणायचे. ती जड बाजू. टूल रेस्ट लावायची, पुन्हा हाताने फिरवायचा. पिवळ्या पट्ट्याबाहेर उभे राहून, न पाहता, लाल बटणावर गुडघा नेता येतो का ते दहा वेळा करून पाहायचे. गाऊज रेस्टवर ठेवायचा, उतार लाकडाला टेकवायचा, आणि दुसऱ्याने ठोकळा हाताने हळू फिरवत असताना पहिली बारीक ढलपी काढायची.

त्या वेगात झटका बसला तर काहीही होत नाही. ठोकळा नुसता थांबतो, जुन्या कातारी लेथसारखा, आणि आपली चूक नेमकी कुठे झाली ते शांतपणे पाहता येते. येत्या रविवारी तुम्हीही एवढेच करा. दोन तास लागतील, आणि त्या दोन तासांत स्विचला हात लागणार नाही.